पाणवठा हे उत्तर नव्हते

मी, शिवकन्या सोमनाथ बडे, वय पंचवीस वर्षे, शिक्षण बी.ए. (मराठी), काम वडवणीच्या वाचनालयात सहायक, राहणार मौजे पिंपळटेक, तालुका वडवणी, जिल्हा बीड, हे मृत्युपत्र आज स्वतःच्या हाताने, भर दिवसा, वाचनालयाच्या लांब टेबलावर बसून लिहीत आहे. मला हे कोणी लिहायला लावलेले नाही. उलट आईने आणि बहिणीने लिहू नको असेच सांगितले. मी कोणत्याही नशेत नाही. माझी बुद्धी ठिकाणावर आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. वकीलसाहेबांनी दिलेल्या नमुन्यात "माझे मन स्थिर आहे" असेही एक वाक्य होते. ते मी गाळले आहे, कारण ते खरे नाही. मला फार भीती वाटते आहे. घाबरलेल्या माणसाला मृत्युपत्र करता येते का, असे मी वकीलसाहेबांना विचारले. ते म्हणाले, "भीती नसती तर माझ्याकडं कोण आलं असतं, ताई?"

कारण असे की माझ्या डोक्यात डाव्या बाजूला लिंबाएवढी गाठ आहे. २४ जून रोजी संभाजीनगरच्या एका मोठ्या रुग्णालयात तिचे ऑपरेशन ठरले आहे. डॉक्टर बाईंनी कागदावर मेंदूचे चित्र काढून समजावले. गाठ वाईट जातीची दिसत नाही, पण बसली आहे ती शब्दांच्या घराच्या उंबऱ्याशी. जीव जाण्याचा धोका थोडा आहे. शब्द जाण्याचा त्याहून जास्त आहे. मला मरणाची भीती नाही असे लिहिले तर मी शूर दिसेन, पण मला मरणाचीही भीती वाटते आणि शब्दांचीही, आणि कोणती मोठी हे अजून ठरवता आलेले नाही.

या कागदाची पद्धत आधी सांगते. गाठीमुळे माझ्या हातून भलताच शब्द लिहिला जातो आणि मला तो बरोबर वाटतो. म्हणून प्रत्येक परिच्छेद लिहून झाला की रामकिसन देवकते तो मोठ्याने वाचतो. रामकिसन मेंढपाळ आहे, चौथीपर्यंत शिकला आहे आणि बोट ठेवून वाचतो. तो जिथे अडतो तिथे मी शब्द एका रेघेने खोडते, बरोबर शब्द लिहिते आणि शेजारी छोटी सही करते. खोडलेला शब्द मुद्दाम वाचता येईल असा ठेवला आहे. पुढे कोणी या मृत्युपत्रावर वाद घातला तर माझे काय चुकत होते आणि मला ते कळत होते, दोन्ही दिसावे.

कलम १. घर आणि दीड एकर जमीन वडिलांच्या नावावर आहे, त्यात माझे काही नाही. पदवीचे प्रमाणपत्र आईच्या पत्र्याच्या पेटीत साड्यांच्या खाली आहे, ते तिथेच असू द्यावे. भिंतीला लावले तर पावसाळ्यात ओल धरेल. आई ते वर्षातून दोनदा काढून पुसते, ते तिने खुशाल करावे.

कलम २. माझी धाकटी बहीण आरोही हिला माझा मोबाइल, त्याचा चार्जर, सायकल आणि बँकेत असेल ते सगळे. (वरच्या ओळीत "चार्जर" या जागी "जावई" असे लिहिले होते. रामकिसन वाचताना थांबला आणि म्हणाला, "ताई, आरोहीला आत्ताच?" आम्ही दोघे हसलो. मग मी खोडले. शि.) आरोहीने बी.ए.च करावे असा माझा हट्ट नाही. तिला गाड्यांच्या इंजिनात रस आहे, तर तिने ते शिकावे. मात्र कोणी मोठ्या माणसाने न समजणारे बोलले तर "समजलं नाही" असे म्हणायला तिने कधी लाजू नये. हे मी का लिहिते आहे ते पुढे येईल.

कलम ३. बंकट काका, म्हणजे वडिलांचे चुलतभाऊ, यांच्याबद्दल. मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. निकालाच्या दिवशी आईने पुरणपोळ्या केल्या होत्या. काका पंगतीत सगळ्यांसमोर म्हणाले, "बी आली, ए बी आली. आता भाकर कवा येनार?" लोक हसले आणि वडिलांनी मान खाली घातली. दुसऱ्या रविवारी मी वाचनालयाच्या फळ्यावर हे लिहिले: "काका नडले, त्यांच्या पोटात ऐकायची सोय आहे. दोन अक्षरे." उत्तर "कान". का-का-न-ड-ले असे सुटे केले की मधे कान दडलेला दिसतो. काका फळा वाचून गेले, पण त्यांना ते कळले नाही. तो राग मी इथे संपवते. काकांनी माझ्या दहाव्याला जरूर यावे. भाषण करू नये.

कलम ४. ज्यांना आमचा कोडेकट्टा माहीत नाही त्यांच्यासाठी हे कलम. साध्या शब्दकोड्यात अर्थ विचारतात आणि आपण शब्द लिहितो. आमची कोडी गूढ असतात. त्यांत अर्थ एका टोकाला असतो आणि शब्द कसा बनवायचा ते दुसऱ्या टोकाला लपवलेले असते. मला हे अजिनाथ घुगे सरांनी शिकवले. ते निवृत्त मुख्याध्यापक आहेत आणि हे वाचनालय त्यांच्यामुळे उघडे राहते. मी बारावीत असताना एकदा पाऊस थांबेपर्यंत आत बसले होते, तेव्हा त्यांनी माझ्यापुढे कागद सरकवला. "उसातून निघते ते उलटे धरा, वर्गात शिकवायला उभे राहील. दोन अक्षरे." माझे आईवडील दर वर्षी सहा महिने ऊस तोडायला जात. उसातून काय काय निघते ते मला चांगले माहीत होते: पाचट, घाम, हातावरचे चिरे. बराच वेळ मी तेच उलटे करत बसले. मग एकदम रस दिसला आणि रस उलटा होऊन सर झाला. मी वर पाहिले तर सर हसत होते. माझ्या घरात मला माहीत असलेल्या गोष्टींनी पुस्तकातले कुलूप उघडते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळले. पुढचे सगळे शिक्षण मी त्याच जोरावर घेतले.

तेव्हापासून दर रविवारी चार वाजता वाचनालयाच्या ओसरीत आम्ही आठ-दहा जण जमतो. तीन वर्षांपासून फळ्यावरचे कोडे मी करते. आमचे दोन नियम आहेत. पहिला, ज्याला सुटले त्याने ओरडायचे नाही, कानाच्या पाळीला हात लावायचा आणि बाकीच्यांना वेळ द्यायचा. दुसरा सरांनी घातलेला: कोडे करणाऱ्यावर शंका घ्यायची नाही. सुटत नसेल तर कमी आपली आहे असे समजून पुन्हा बघायचे. हा दुसरा नियम मला फार आवडायचा. बाहेर लोक न समजलेल्या गोष्टीला लगेच चूक ठरवतात, आपण इथे तसे नाही, असा मला अभिमान होता. मी तो नियम स्वतः सुबक अक्षरात पुठ्ठ्यावर लिहून खांबाला लावला.

कलम ५. हे कलम मालमत्तेचे नाही. ही कबुली आहे.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी मी फळ्यावर हे सूत्र लिहिले: "डोंगराला तहान लागली की उंबरठा परत करतो. चार अक्षरे."

अर्धा तास सगळे फळ्याकडे बघत डोके खाजवत होते. मग रामकिसन म्हणाला, "ताई, हे कोडं न्हाई. हे चुकलंया."

सर म्हणाले, "रामकिसन, नियम काय आहे?"

"नियम ठाव हाय, सर. पन डोंगर उंबरठा परत कावून करील? कुनाचा घेतलता त्यानं?"

सगळे हसले. मला राग आला. मी म्हणाले, "चौथी शिकलेल्यांनी आधी सोपी कोडी सोडवावीत." त्यावर कोणी हसले नाही. रामकिसनने काठी उचलली आणि तो ओसरीच्या कडेला जाऊन बसला.

थोड्या वेळाने सरांनी कानाला हात लावला. त्यांचा चेहरा उजळला होता. त्यांनी खडू घेतला आणि उलगडून दाखवले. तहान म्हणजे पाणी, त्यातले "पाण". "व" म्हणजे आणि. उंबरठ्याचे शेवटचे "ठा". पाणवठा! डोंगरावरची जनावरे तहानली की पाणवठ्यावरूनच परत फिरतात. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सर मला म्हणाले, "शिवकन्या, आज तू मला हरवलं होतंस." मी म्हणाले, "बरोबर आहे, सर. पाणवठा."

घरी जाऊन मी उत्तरांची वही उघडली. कोडे करताना मी उत्तर आधी वहीत लिहिते. माझ्या अक्षरात, माझ्या शाईत, त्या सूत्रापुढे लिहिले होते: सोमवार.

मी वही मिटली आणि पुन्हा उघडली. सोमवारच होते. डोंगर, तहान, उंबरठा यांतून सोमवार कसा येतो हे मी लिहिताना मला नक्की माहीत असणार. मी तासभर माझेच कोडे सोडवत बसले. ते सुटले नाही. त्या दिवशी मला जी भीती वाटली ती अजून गेलेली नाही.

तेव्हाच सांगायला हवे होते. मी सांगितले नाही. पुढच्या रविवारी फळ्यावर पाच सूत्रे होती, त्यांतली तीन सरांनी सोडवली. त्यानंतरच्या रविवारी चार सोडवली. वहीतले एकही उत्तर त्यांच्या उत्तराशी जुळले नाही, आणि मी प्रत्येक वेळी "बरोबर" म्हणाले. वर्षाराणी, जी आमच्या उपकेंद्रात नर्स आहे आणि कट्ट्यावर सगळ्यांत आधी येते, ती म्हणाली, "शिवकन्या आता लई वरच्या पायरीला गेली बाई." माझी कोडी बीडच्या एखाद्या पेपरला पाठवायची असेही ठरत होते. मी गप्प राहिले, कारण आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी माझ्यासाठी "अवघड" हा शब्द कौतुकाने वापरला होता. अवघड मुलगी, अवघड परिस्थिती, हे मी पुष्कळ ऐकले होते. अवघड कोडी करणारी, हे नवीन होते. हे लिहायला लाज वाटते, पण मृत्युपत्रात खोटे लिहू नये.

कलम ६. फळा, रंगवलेल्या चौकटीसह, खडूचा डबा, चौकटीच्या सात वह्या, उत्तरांच्या चार वह्या आणि जाडा शब्दकोश, हे सगळे मी रामकिसन धोंडिबा देवकते, राहणार पिंपळटेक, याला देते. दर रविवारचे कोडे यापुढे त्याने करावे. तो नको म्हणेल, पण त्याचे ऐकू नये.

कारण सांगते. माझ्या बोलण्यानंतर तो दोन रविवार आला नाही. तिसऱ्या रविवारी आला, मागे उभा राहिला, माझे बोलणे ऐकत राहिला आणि निघून गेला. मग बाजाराच्या दिवशी तो वाचनालयात माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहिला. काठी पुढे केली.

"ताई, ह्याला काय म्हन्ता?"

मला वाटले तो अपमान काढतो आहे. मी तोऱ्यात म्हणाले, "काठी."

त्याने खांद्यावरची घोंगडी टेबलावर ठेवली. "आन् ह्याला?"

"परीक्षा," मी म्हणाले. मला ते बरोबरच वाटले. त्याच्या चेहऱ्याकडे पाहिल्यावर मला कळले की नाही.

मग त्याने पाण्याची बाटली ठेवली. ती कशासाठी असते ते मला दिसत होते. झाकण कसे उघडायचे ते हाताला माहीत होते. शब्द मात्र नव्हता. जिथे तो असायला हवा तिथे नुसती मोकळी चौकट होती. मी "ती... ती..." करत राहिले आणि मला रडू फुटले.

रामकिसन खाली बसला. म्हणाला, "ताई, राग मानू नका. मेंढराच्या डोस्क्यात पान्याची गाठ झाली की ते एकाच अंगानं घुमतंय. आमी लांबून वळखतो. लोकान्ला वाटतं खेळतंय. तुमी बोलताना तसं घुमताय. कोडी न्हाईत ती."

तो तिथून थेट वर्षाराणीकडे गेला. तिने दुसऱ्या दिवशी मला बीडला नेले, तिथे तपासणीत गाठ दिसली आणि तिथून संभाजीनगर.

रामकिसन, मी तुला भर कट्ट्यावर जे बोलले त्याची माफी इथे लेखी मागते. तोंडी मागितली तेव्हा तू "ऱ्हाऊ द्या की" म्हणून मेंढरांकडे बघत राहिलास. आता हे तुला मोठ्याने वाचावेच लागेल. (हा परिच्छेद त्याने दोन वेळा अडखळत वाचला. चूक एकही निघाली नाही. शेवटी म्हणाला, "ताई, येवढा जाडा शब्दकोश नगं. वाड्यात ठिवला तर मेंढरं खात्याल." शब्दकोश त्यालाच राहील. शि.)

कलम ७. अजिनाथ सर या मृत्युपत्राचे साक्षीदार आहेत. ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीला नसलेले बरे, असा वकीलसाहेबांचा सल्ला आहे. म्हणून सरांना मी वस्तू काही देत नाही. माझा राग मात्र देते, कारण तो त्यांचाच आहे.

सर, तुम्ही मला शिकवलेत. माझे चुकलेले अक्षर तुम्हाला लांबून दिसायचे. मग तीन आठवडे तुम्हाला का दिसले नाही? हे मी त्यांना परवा तोंडावर विचारले. ते टेबलाची कड धरून बसले होते.

"अगं, पण ते बसत होतं गं," सर म्हणाले. "पाण, व, ठा. चौकटीत बसत होतं."

"सर, तहान म्हणजे पाणी नाही. तहान लागली की पाणी लागतं."

"कोड्यात तेवढी सूट असते, शिवकन्या."

"त्या सुटीतच तीन आठवडे गेले, सर."

सरांनी टेबलाची कड सोडली. मग म्हणाले, "तू चुकशील असं माझ्या डोक्यातच आलं नाही. माझ्याच डोक्याला गंज चढला असं मला वाटत होतं. रोज पहाटे उठून तुझी सूत्रं सोडवत होतो, मागं पडू नये म्हणून."

डॉक्टर बाई म्हणतात की तीन आठवड्यांनी फारसा फरक पडला नसता. मला ते पटलेले नाही. पण सरांसाठी आणि माझ्यासाठी मी ते खरे मानायचे ठरवले आहे. खांबावरचा पुठ्ठा, ज्यावर दुसरा नियम लिहिला आहे, तो काढावा. तो मी लिहिला आहे, म्हणून तो काढायचा अधिकार माझा आहे असे मी समजते. त्या जागी दुसरा नियम लिहू नये. खांब मोकळा ठेवावा.

कलम ८. ऑपरेशनबद्दल. मला मधला काही वेळ जागे ठेवणार आहेत. डोक्याचे हाड उघडलेले असेल, दुखणार नाही म्हणतात, आणि एक ताई समोर बसून चित्रे दाखवतील. मी चित्राचे नाव सांगायचे. मी जिथे अडेन तिथे डॉक्टर हात लावणार नाहीत. म्हणजे किती कापायचे हे माझ्या बोलण्यावर ठरणार. हे ऐकल्यापासून मला जेवण जात नाही.

त्या ताईंनी आधी घरची नावे विचारून घेतली. भाकरी म्हणता की पोळी, घागर की हंडा, असे. घाबरलेला माणूस घरचेच नाव सांगतो म्हणाल्या. त्यांनी ऐंशी चित्रे निवडली. रोज सकाळी मोबाइलवर त्या मला ती दाखवतात. जे चित्र एकदा चुकते ते गठ्ठ्यातून काढून टाकतात, कारण ऑपरेशनच्या वेळी न चुकणारीच चित्रे हवीत. पहिल्या दिवशी ऐंशी होती. काल एकाहत्तर होती. आज सकाळी बासष्ट उरली. आजपासून २४ तारखेपर्यंत अजून पाच सकाळी आहेत. मी ही वजाबाकी करायची नाही असे ठरवते आणि करते.

मी डोळे उघडले की अंथरुणातच नावे घेते. पंखा. दोरी. खिडकी. आढे. (इथे मी "खिडकी" ऐवजी "शेजारीण" लिहिले होते. या वेळी मी रामकिसनशी वाद घातला. शेजारीणच लिहायचे होते, ती छताखाली असते, असे मी त्याला समजावत होते. त्याने मला उठवून खिडकीपाशी नेले आणि गजांवर माझा हात ठेवला. शि.)

वर्षाराणी माझ्यासोबत येणार आहे. ती दुसरी साक्षीदार, म्हणून तिलाही मी काही देत नाही, आणि तिने त्यावर "तुजं काय हाय गं मला द्यायला, ती मोडकी छत्री?" असे म्हटले आहे. माझे काही बरेवाईट झाले तर तिने आधी वडिलांना सांगावे. वडील या सगळ्यावर माझ्याशी एक शब्दही बोललेले नाहीत. त्यांनी फक्त माझी चप्पल शिवून आणली आणि दाराशी सरळ ठेवली. वर्षाराणी, तू त्यांच्याशी बोलताना हळू बोल. माझ्या नावाने स्पर्धा, ढाल, दालनाची पाटी असे काही करू नये. पुढच्या रविवारी चार वाजता फळा भरलेला असावा, एवढे पुरे.

कलम ९. वकीलसाहेबांनी हे कलम लिहू नका असे सांगितले. मृत्युपत्र माणूस मेल्यावरच चालते, मी जिवंत राहिले आणि नुसते शब्द गेले तर या कागदाला अर्थ नाही. त्यांचे बरोबर आहे. पण मला सगळ्यांत जास्त भीती याच गोष्टीची आहे, म्हणून कायद्यात बसत नसले तरी लिहिते. हे ज्यांच्यासाठी आहे ते कायदा बघणार नाहीत.

मी परत आले आणि भलतेच बोलू लागले, तर माझ्या बोलण्याचा अर्थ लावू नका. माझ्यावर माया म्हणून मान हलवू नका. त्यात काहीतरी खोल असेल असे समजू नका. खोल काही नसेल, फक्त चुकलेले असेल. तोंडावर सांगा की चुकले. मला राग येईल, मी वाद घालीन, रडेन. तरी सांगा. मला एकटीला माझ्या चुकीच्या शब्दांत सोडून बाहेर टाळ्या वाजवू नका. सर, वर्षाराणी, आरोही, वडील आणि कट्ट्यावरचे सगळे, या सर्वांना हे लागू आहे.

या कलमाचा कच्चा मजकूर मी काल दुपारी आईला वाचून दाखवला. आई, रतनबाई सोमनाथ बडे, शाळेत गेलेली नाही. ती शेळीला पाला टाकत होती. मी तिला आधी विचारले, "आई, मी घरात चुकीचं बोलत होते का?"

"व्हय की. होळीपासनं."

"काय म्हणायचे मी?"

"शेरडाला बादली म्हनायचीस. 'आई, बादलीला पानी पाजलं का', आसं."

"मग सांगितलं का नाहीस?"

आई पाला टाकायची थांबली. "मला काय ठाव, बाई? आमी शेरडू म्हन्तो, तू कॉलेजात गेल्यापासनं शेळी म्हनाया लागली. मंग बादली म्हनाया लागली. म्हन्लं, त्याच्या बी वरचा शबुद आसंल पुस्तकातला."

मग तिने खाली बघत सांगितले की तीही तसेच म्हणू लागली होती. पाडव्याला शेळी व्याली तेव्हा ती शेजारच्या बायनाबाईला म्हणाली, "आमची बादली याली, दोन पिल्लं हायती." बायनाबाई पोट धरून हसली. आई तिला म्हणाली, "हास, हास. माजी लेक बी.ए. हाय, तुला काय कळतंय?" आणि भांडून घरी आली.

मला तेव्हा काही बोलता आले नाही, ते गाठीमुळे नव्हे. मग मी तिला कलम वाचून दाखवले. अर्थ लावायचा नाही, चूक सांगायची. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतले.

"हे तुज्या सरला सांग," ती म्हणाली. "त्या पोरान्ला सांग. मी न्हाई सांगनार."

"आई, सांगावं लागेल. नाहीतर मी सुधारणार नाही."

"सुदरवायला लोक हायती. तू दवाखान्यातनं ये. आल्यावर शेरडाला बादली म्हन, न्हाई तर आजून काई म्हन. तू ज्याच्याकडं बोट दावशील त्याला मी पाला टाकीन."

मी तिला पुन्हा समजावले. ती उठली आणि राहिलेला पाला टाकू लागली.

म्हणून या मृत्युपत्रात शेवटचे लिहिते की कलम ९ माझी आई रतनबाई हिला लागू नाही.

इथवर मी लिहिले, रामकिसनने वाचले, मी ऐकले. हे सगळे माझे आहे. खालची सही हललेली दिसेल. ती भीतीने हलली आहे, सही करणारी मीच आहे.

ठिकाण: वडवणी, जिल्हा बीड
दिनांक: १९ जून २०२५

मृत्युपत्र करणार
(सही) शिवकन्या सोमनाथ बडे

आम्हा दोघांच्या समोर शिवकन्येने सही केली आणि तिच्या समोर आम्ही केली.

साक्षीदार
१. (सही) अजिनाथ विठोबा घुगे, निवृत्त मुख्याध्यापक, वडवणी
२. (सही) वर्षाराणी भारत सानप, नर्स, उपकेंद्र पिंपळटेक

वाचून दाखवणार
(सही) रामकिसन धोंडिबा देवकते